उजवीकडून ओढलेली शिरोरेषा

अमरावतीच्या राजापेठेत, शिकवणी वर्गांच्या चकचकीत फलकांच्या दाटीत, 'नवकिरण मुद्रणालय' ही पाटी एका अंगाने किंचित कललेली होती. तिचा रंग उडाला होता, कडेचा पत्रा गंजला होता. तथापि अक्षरे अशी वळणदार, की दुचाकीवरून जाणारा मनुष्यही क्षणभर मान वळवीत असे. ती अक्षरे अकोल्याच्या इनायतुल्ला चाचांच्या हातची होती. चाचांना अल्लाघरी जाऊन दोन पावसाळे उलटले होते. मुद्रणालयाचे वृद्ध मालक खुशालराव यांना कोणी पाटी नव्याने रंगवून घेण्याविषयी सुचविले, तर ते एकच उत्तर देत.

"दुसऱ्याचा ब्रश लागला का ते अक्षर मेलं. राहू दे तसंच."

या मुद्रणालयात गोवर्धन नावाचा गृहस्थ संगणकावर अक्षरजुळणीचे काम करीत असे. खिळ्यांचा छापखाना असल्यापासून तो तेथे होता. सन दोन हजार आठच्या लगीनसराईत त्याला हाताशी काम कमी आणि आठवणी जास्त, अशी अवस्था प्राप्त झाली होती. एके काळी कापूस विकला गेला, की नांदगाव खंडेश्वरापासून परतवाड्यापर्यंतची मंडळी दारातल्या लाकडी बाकावर येऊन बसत आणि नमुन्याच्या पत्रिकांवरून हात फिरवीत. आता नापिकी आणि कर्जापायी ती मंडळी लग्ने पुढच्या सालावर ढकलीत होती. जी होत होती, ती पुष्कळशी सामुदायिक मांडवात. तिथे एकाच पत्रिकेवर जोडप्यांच्या नावांच्या रांगा, शाळेच्या हजेरीपटासारख्या, बारीक टाइपात बसवाव्या लागत. ते काम करीत असता गोवर्धनास चाचा हटकून आठवत. कारण चाचांनी वधूचे नाव कधी बारीक लिहिले नव्हते.

चाचा हे पेशाने कातिब, म्हणजे उर्दू मजकूर बोरूने लिहिणारे. दर शनिवारी ते अकोल्याच्या बसने येत. काखेत पत्र्याचा डबा, डब्यात हिरव्या कापडाची पुरचुंडी, पुरचुंडीत पुन्हा एक लाकडी नळी आणि त्या नळीत कलमा. एवढे सगळे उलगडून कलम हाती येईपर्यंत चहा थंड होऊन जाई.

"चाचा, एवढी बांधाबांध कशापायी?" गोवर्धन विचारी.

"बेटा, बसमधे लोकं कोंबड्या घेऊन बसते. कलमीचं टोक एकदा मोडलं का तू देशील का करून?"

आपल्या वऱ्हाडातील मुसलमान कुटुंबांत लग्नपत्रिका दुहेरी छापण्याची रीत आहे. एका अंगास उर्दू, दुसऱ्या अंगास शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, शेतातल्या सोबत्यांसाठी मराठी. चाचा दोन्ही अंगे स्वतःच लिहीत. मात्र उर्दूचा हात उजवीकडून डावीकडे चालणारा, त्यामुळे मराठी शब्द लिहून झाल्यावर त्यावरची शिरोरेषासुद्धा ते उजवीकडूनच ओढीत. परिणामी ती रेषा उजव्या टोकास जाड आणि डाव्या टोकास केसासारखी बारीक होत असे. साऱ्या अमरावती-अकोल्यात तशी शिरोरेषा दुसऱ्या कोणाचीच नव्हती. पत्रिकेचा पहिला छाप निघाला, की चाचा तो उलटा धरून खिडकीशी नेत. उलट्या कागदावर मजकूर वाचता येत नाही, केवळ अक्षराचा तोल दिसतो, असे त्यांचे सांगणे होते. तोल पसंत पडला तर "चलने दो" म्हणत. न पडला तर काही न बोलता डबा उघडीत.

पुढे मुद्रणालयात मॅक संगणक आला. खुशालरावांनी अट घातली, की यंत्र येईल, पण चाचांचे अक्षर जाणार नाही. तेव्हा चाचांनी कागदावर एकेक अक्षर मोठे करून लिहिले, गोवर्धनाने ते यंत्रात उतरवून माऊसने त्याच्या कडा कोरल्या, आणि दोन हिवाळे खपून त्या अक्षरांचा फॉन्ट तयार झाला. त्याला नाव दिले 'इनायत'. चाचांचा मुलगा अजहर तेव्हा अकोल्याहून नुकताच संगणक शिकून आला होता. त्याच्या मनात होते, की हा फॉन्ट गावोगावच्या छापखान्यांस द्यावा. म्हणून त्याने त्याचा रीतसर इन्स्टॉलर बनविला, म्हणजे यंत्राने आपण होऊन सर्व वस्तू जागच्या जागी मांडाव्यात अशी व्यवस्था. फॉन्ट कोणी घेतला नाही. अजहर शारजास निघून गेला. कालांतराने, भारनियमनाच्या एका दुपारी गेलेली वीज अकस्मात अशी जोरात परत आली, की जुना मॅक आतल्या सगळ्या ठेव्यासह जळाला. 'इनायत' त्यातच गेला. चाचा हयात होते, हात चालत होता, म्हणून तेव्हा कोणास फारसे दुःख झाले नाही.

दुःख व्हावयाचे ते आता झाले होते. कारण चाचांची मुलगी सईदा अकोल्याहून आली होती आणि तिची लेक माहेनूर हिचे लग्न ठरले होते.

"गोवर्धनभाऊ," सईदा बाकावर बसताच म्हणाली, "उर्दूवालं अंग अकोल्यात लिहून भेटलं. पन मराठी अंग मले अब्बाच्या अक्षरात पायजे. माहेनूर लहान होती तवापासून अब्बा म्हणत, तुह्या शादीचा रुक्का मीच लिहीन. तेवढी एकच गोष्ट कबूल केली होती त्यायनं, अन् तीच राहून गेली."

तिने बटव्यातून एक पेन ड्राइव्ह काढला. घरातल्या कपाटात अजहरची एक जुनी सीडी सापडली होती, ती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन तिने यावर उतरवून घेतली होती. सीडी त्याच दुकानात काढता-घालता चिरली.

"म्हंजे आता हेच एक?" गोवर्धनाने विचारले.

"हेच एक. अन् दुकानवाला म्हणे, बाई, उघडून पाह्यलं, आत तर काहीच नाही."

गोवर्धनाने पेन ड्राइव्ह उजेडात धरून उलटसुलट पाहिला. खुशालराव आतून काठी टेकीत आले.

"सईदा पोरी, बस, चहा घे. गोवर्धन, काय पाहून राहिला बे? लाव ते यंत्राले. दोन वाजता लाइन जाते, मंग बसू भजन करत."

मुद्रणालयात आता एकच मॅक होता आणि सराईचे सगळे काम त्याच्याच पोटात होते. गोवर्धनाने पेन ड्राइव्ह जोडला खरा, परंतु त्यावरून काहीएक उघडले नाही. त्याने 'ओसरी' नावाचा एक निराळा फोल्डर केला आणि पेन ड्राइव्हवरील सर्व वस्तू तेथे उतरविल्या. परका पाहुणा आला म्हणजे आपण त्यास एकदम माजघरात नेत नाही, आधी ओसरीवर बसवून पाणी देतो आणि गाव विचारतो. तद्वतच ही रीत होती, आणि ती त्याला अजहरनेच शिकविली होती.

पडद्यावर दोन वस्तू दिसल्या. एक 'इनायत.झिप', आणि दुसरी फोल्डरच्या चित्राची, नावही नुसतेच 'इनायत'.

"हा फोल्डर उघड ना," खुशालराव म्हणाले.

"थांबा भाऊ. चित्र फोल्डरचं आहे, म्हणून फोल्डरच असंल असं नाही."

मॅकमध्ये टर्मिनल नावाची काळी-पांढरी खिडकी असते. तीत अक्षरांनी आज्ञा द्यावयाच्या. त्यांतील एक आज्ञा कोणत्याही फाइलीचे नाव आणि चित्र बाजूस सारून तिच्या पोटातील पहिले बोल वाचते व ती वस्तुतः कोण आहे ते सांगते. गोवर्धनाने ती दिली. फोल्डर म्हणून मिरविणारी ती वस्तू विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम निघाली. झेरॉक्सच्या दुकानातील व्हायरस बसमधल्या फुकट्या उतारूसारखा सोबत आला होता. गोवर्धनाने त्याला ओसरीवरूनच हाकलले. झिप मात्र खरोखरीची झिप होती. ती सोडण्यापूर्वी आत काय आहे ते त्याने नुसते विचारून घेतले. आत एकच वस्तू होती, डिस्क इमेज; म्हणजे फाइलीच्या रूपातील एक अख्खी तबकडी.

"दुकानवाल्यानं विंडोजवर पाह्यलं असंल," तो सईदाला म्हणाला. "तिथं हे दिसतच नाही. ताई, जीव थोडा करू नका."

तबकडी उघडली. तिच्यात पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्याचे चित्र असलेले एक पॅकेज बसलेले होते.

"पाहा!" खुशालरावांनी काठी आपटली. "इनायतुल्लाचाच लेक तो. बाप डब्यात पुरचुंडी, पुरचुंडीत नळी ठेवे. हा झिपेत तबकडी, तबकडीत पॅकेज ठेवते. आता तर दाब दोनदा!"

"सरकारनं शेतकऱ्यायले पॅकेज देल्लं तवापासून, पॅकेज म्हटलं का आपल्या इकडे लोकं पहिले विचारतात, आत काय आहे," गोवर्धन म्हणाला.

सईदा हसली, आल्यापासून पहिल्यांदाच. पण तेवढ्यात बाहेरून छपाईच्या प्लेटा नेणाऱ्या टेंपोवाल्याने हाक दिली आणि गोवर्धनास उठून दाराशी जावे लागले. तो परत येऊन पाहतो तो खुशालराव त्याच्या खुर्चीवर विराजमान! त्यांनी दोनदा दाबले होते, इन्स्टॉलर उघडला होता, आणि पडद्यावर पासवर्डची चौकट आली होती. पासवर्ड त्यांच्याच स्वर्गवासी पत्नीच्या नावाचा, गोदाबाईंचा. म्हातारा एका बोटाने एकेक कळ शोधून तो भरीत होता. शेवटची कळ तेवढी राहिली होती.

गोवर्धनाने धावत जाऊन त्यांचे मनगट धरले.

वीस वर्षांच्या चाकरीत त्याने मालकास कधी स्पर्शसुद्धा केला नव्हता.

"माह्याच दुकानात माहाच हात धरतो?" खुशालराव लाल झाले. "काय घात करून राहिलो मी? पोरीची गाडी चुकन, लाइन जाईन, अन् तू आपला पोथी वाचत बस!"

"भाऊ, पासवर्ड देणं म्हंजे घराची चाबी देणं. अजहर आपलाच आहे, पण ही चाबी त्याच्या हाती नाही, ह्या पॅकेजच्या हाती जाते. पाच सालं झाली, त्यानं तवा यंत्राले काय काय करायले सांगून ठेवलं, ते आपल्याले कुठं माहीत आहे? मले एकदा पाहू द्या. मंग तुमीच दाबा."

त्याने चौकट रद्द केली. मग पॅकेजवर माऊसची उजवी कळ दाबून, ते न चालविता, त्याचे पोट तेवढे उघडले. आत दाबून भरलेला एक गठ्ठा होता, आणि शेजारी अजहरने लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे बसवणी सुरू होण्याआधी यंत्राने करावयाच्या कामांचा हुकूम. गोवर्धन तो वाचू लागला. ओळी थोड्याच होत्या. एका ओळीवर त्याचे बोट थांबले.

"भाऊ, हे पाहा. हे म्हणते, 'मराठी' नावाच्या फोल्डरात जे काही असंल ते सगळं पुसून टाक, अन् मंग नवीन ठेव."

"तर?"

"आपले सगळे फॉन्ट त्याच फोल्डरात आहेत."

जुना मॅक जळाला तेव्हा गोवर्धनाने नव्या यंत्रावर सवयीने तोच फोल्डर, त्याच नावाने, त्याच जागी केला होता. आणि मग बाजारातून आणलेला प्रत्येक मराठी फॉन्ट त्यातच टाकीत गेला होता. खुशालरावांचे ते एक बोट शेवटच्या कळेवर पडले असते, तर ऐन सराईत नवकिरण मुद्रणालय मुके झाले असते.

खुशालरावांनी चश्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मग ते खुर्चीवरून उठले आणि गोवर्धनास बसावयाची खूण करून म्हणाले, "चहा सांगतो."

गोवर्धनाने स्क्रिप्टला हात लावला नाही. दाबलेला गठ्ठा तेवढा उचलून त्याने ओसरीवर आणला आणि तेथेच सोडला. गठ्ठा सुटला. पडद्यावर अक्षरे उमटली, 'इनायत'. सईदा उठून जवळ आली. गोवर्धनाने फाइलीचे वजन, म्हणजे आत किती ऐवज आहे त्याचा आकडा, पाहिले.

वजन शून्य होते.

"काय झालं?" सईदाने विचारले. त्याने आकड्यावर बोट ठेवले. तिने पडद्याकडे पाहिले. शून्य कोणासही वाचता येते. ती हळूच परत बाकावर जाऊन बसली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहिली.

"राहू द्या भाऊ. दुसऱ्या कोन्त्याबी टाइपात छापा. माहेनूरले काय समजते."

हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकून खुशालरावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. "अजहरले फोन लाव," ते म्हणाले. "मले त्याले दोन शिव्या देऊ दे पहिले."

सईदाने शारजास मिस कॉल दिला. क्षणार्धात उलट फोन आला.

"अजहर, लेका, तुह्या पॅकेजनं माहं दुकान झाडून नेलं असतं बे!"

"सलाम काका. कोन्तं पॅकेज?" सगळा वृत्तांत ऐकल्यावर पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट आला. "या अल्ला! काका, तवा त्या फोल्डरात आपलेच कच्चे नमुने होते ना. मी म्हटलं, नवीन येण्याआधी झाडू मारून घ्यावा. चालवलं तर नाही ना?"

"गोवर्धननं हात धरला."

"गोवर्धनभाऊले द्या फोन."

गोवर्धनाने शून्याची हकीकत सांगितली.

"भाऊ, तुमाले आठवते का, जुन्या मॅकवर फॉन्टचे दोन भाग राहत? वरून दिसे ते नुसतं खोकं. अक्षरं दुसऱ्या भागात. गठ्ठा बांधताना ते दोन भाग वेगळे होतात. त्याच नावाची, पन सुरुवातीले टिंब अन् रेघ असलेली लपलेली फाइल असंल तिथंच. कचरा समजून फेकली तर नाही?"

"मी काहीच फेकलं नाही."

"मंग बापाचं अक्षर सलामत आहे. दोघाले जोडायचं औजार यंत्रातच आहे. सांगतो तसं लिहा."

गोवर्धनाने लपलेल्या फाइली दाखविण्याची आज्ञा दिली. शून्याच्या अगदी शेजारी, सावलीसारखी, ती दुसरी फाइल बसलेली होती. आणि तिला वजन होते, चांगले भरगच्च वजन. आधी त्याने दोन्हींची एक नक्कल काढून बाजूस ठेवली, कारण त्या पेन ड्राइव्हखेरीज जगात दुसरी प्रत नव्हती. मग अजहर शारजाहून एकेक शब्द सांगत गेला आणि तो अमरावतीत एकेक कळ दाबीत गेला. दोन भाग जुळले. शून्याच्या जागी आकडा आला.

त्याने कोरे पान उघडले, 'इनायत' निवडला आणि 'माहेनूर' असे लिहिले.

पडद्यावर नाव उभे होते, आणि त्याच्या माथ्यावरील रेषा उजव्या टोकास जाड होती, डावीकडे जाता जाता केसासारखी बारीक झालेली. गोवर्धनास तो हिवाळा आठवला, चाचा पाठीमागे उभे राहून म्हणत होते, "घाई नको बेटा, ह्या टोकाले श्वास सोडायचा असते." त्याला वाटले, आताही मागे वळले तर पत्र्याच्या डब्याचा आवाज येईल. तो वळला नाही.

"बोला ना कोणी," फोनमधून अजहर म्हणाला. "आलं का?"

"आलं," सईदा म्हणाली. "उजवीकूनच आलं."

मग अजहर म्हणाला, "आपा, मलेबी पाठव. माह्याजवळ काहीच नाही त्यायचं."

वीज जाण्यापूर्वी पत्रिकेचे मराठी अंग जुळून झाले. गोवर्धनाने फॉन्ट 'मराठी' फोल्डरात आपल्या हाताने ठेवला. एकही जुना फॉन्ट न पुसता, इतर सर्वांच्या शेजारी. नंतर तो पुन्हा तबकडीत बांधला, झाडूची ओळ वगळून, आणि दोन सीडी काढल्या. एक मुद्रणालयाच्या कपाटात गेली. दुसरी सईदाने घेतली. तिने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला तेव्हा गोवर्धन चकित झाला. तोच डबा, तेच हिरवे कापड.

"कलमा आहेत आत," ती म्हणाली. "ही सीडी ह्यायच्याच सोबत राहीन. अजहरले पाठवायची प्रत तुमी धाडा भाऊ, जशी धाडायची तशी."

तेवढ्यात पहिला छाप निघाला. कागद अजून गरम होता. खुशालरावांनी तो वधूच्या आईच्या हाती दिला. सईदाने नाव वाचले नाही. तिने कागद उलटा केला, खिडकीशी नेला आणि डोळे बारीक करून पाहत राहिली. रस्त्यावरून शिकवणीची मुले सायकलींच्या घंट्या वाजवीत चालली होती. त्याच क्षणी वीज गेली, पंखा मंदावत थांबला. पण खिडकीत उजेड पुरेसा होता.

"चलने दो," ती म्हणाली.